सीलबंद डबीतला गुण

शनिवारी सकाळी नऊ वाजले की पास्खालीसच्या तेलघाण्यासमोर तीन-तीन बस येऊन थांबायच्या. घाणा बंद पडून वीस वर्षं झाली होती, पण आता त्याच्या दाराला निळा रंग लागला होता, दारावर दृष्ट लागू नये म्हणून काचेचा निळा डोळा टांगला होता आणि अंगणातल्या तुतीच्या खोडाला भला मोठा टीव्ही बांधला होता. त्या टीव्हीवर बातम्या नव्हत्या, फुटबॉल नव्हता. होते ते फक्त तारे. कुणी आपल्या फोनवरून पास्खालीसच्या मलमाला पाच तारे दिले की पडद्यावर त्याचं नाव झळकायचं, खाली दोन ओळी यायच्या आणि दारात बसलेली पास्खालीसची बायको बकरीच्या गळ्यातली घंटा वाजवायची.

‘बारा वर्षांची कंबरदुखी गेली!’ टण्ण.

‘गुडघा पुन्हा लहानपणीसारखा वळतो!’ टण्ण.

प्रत्येक घंटेला गर्दी छातीवर क्रूस काढायची. म्हाताऱ्या बायका रडायच्या. दहा-दहा माणसांना आत सोडायचे, दार लावून घ्यायचे, आणि अर्ध्या तासानं ती माणसं बाहेर यायची ती चेहरे उजळून, हातात लाल लाखेचं सील असलेली डबी घेऊन. आत काय झालं ते कुणी सांगायचं नाही. एक हजार एकशे साठ रिव्ह्यू, सरासरी चार पूर्णांक नऊ!

समोरच्याच गल्लीत माझं दुकान. मी पायरीवर उभी राहून हे सगळं बघायचे. मीही मलमच विकते. माझे एक्केचाळीस रिव्ह्यू, सरासरी तीन पूर्णांक आठ.

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी मला बोलायला नको. मी जळत होते. घंटा वाजली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कारण ते मलम मुळात आमचं. मधमाश्यांचं मेण, ऑलिव्हचं तेल, थोडा डोंगरी पाला. माझ्या आजोबांची कृती. पास्खालीस माझ्या वडिलांच्या हाताखाली बारा वर्षं कढई ढवळत होता. कारागिराला आमच्याकडे मास्तर म्हणतात. त्याला ती पदवी माझ्या वडिलांनी दिली. मला कधी दिली नाही. "पास्खालीसच्या हाताला गुण आहे," ते म्हणायचे, "एव्हान्थिया, तुझा हात घाईचा." वडील जाऊन पंधरा वर्षं झाली, पण ते वाक्य काही गेलं नाही.

आणि जूनमधल्या एका शनिवारी त्या दहा जणांत मला माझी सख्खी बहीण दिसली.

आर्गिरो माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. विधवा. माझ्या घरापासून दोन दारं सोडून राहते. तिला वीस वर्षांपासून साखरेचा आजार. ईस्टरला नव्या चपलेनं पाय सोलवटला आणि ती जखम काही भरेना. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर इस्मिनीनं एक दिवसाआड ड्रेसिंगला यायला सांगितलं होतं. त्याऐवजी ही काठी टेकत घाण्यातून बाहेर येत होती, सीलबंद डबी छातीशी धरून. ती दारात येतेय न येतेय तोच पडद्यावर अक्षरं उमटली: ‘आर्गिरो. पायाची जखम पूर्ण भरली. नामदिनाला नाचले.’ टण्ण.

मी धावत गेले. "अगं, माझ्या दुकानात तेच मलम भिंतभर रचलेलं आहे! बहिणीचं चालत नाही तुला?"

"तुझ्याला तीन पूर्णांक आठ आहेत गं," आर्गिरो म्हणाली. "पायाचा प्रश्न आहे. पायावर प्रयोग नकोत."

तेव्हा मला फक्त तो तीन पूर्णांक आठ ऐकू आला. सहा आठवड्यांत न भरलेली जखम अर्ध्या तासात कशी भरली आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या नामदिनाला, म्हणजे तिच्या नावाच्या संतांच्या सणाला, ही आधीच कशी नाचून आली, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही. जळणाऱ्या माणसाचं असंच होतं. त्याला आकडा दिसतो, मजकूर दिसत नाही.

मी दुसरीच धाव घेतली. दुसऱ्या दिवशी प्रार्थना आटोपून सगळं गाव कॉफीघरात बसलं होतं. मी मधोमध उभी राहून जाहीर केलं, "पास्खालीसचे सगळे रिव्ह्यू खोटे आहेत. पैसे देऊन मशिनकडून लिहून घेतलेत. या नावांची माणसंच नाहीत!"

कोपऱ्यातला थ्रासोस पोस्टमन कप खाली ठेवून उठला. उठताना त्यानं टेबलाचा आधार घेतला.

"थ्रासोस, पोस्टमन," त्यानं माझ्याच थाटात जाहीर केलं. "कंबरदुखी गेली, पाच तारे. मी लिहिलंय, बाई. माझ्या बोटांनी. मी मशिन दिसतो?"

"मीपण लिहिलंय," बेकरीवाली म्हणाली.

"मीपण!" फौजदार म्हणाला. फौजदारापुढे काय बोलणार?

मग पास्खालीस आला. तो कधीच रागावत नाही, हे त्याचं भांडवल. पांढरा सदरा, मऊ आवाज. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एव्हान्थिया, पोटात फार दुखतंय का? माझं मलम लाव. तुला फुकट."

अख्खं कॉफीघर हसलं. हसता हसता दोन-तीन बायका माझ्याकडे बघून हळूच थुंकल्या, तीनदा, थू थू थू. आमच्याकडे ते शिवी म्हणून करत नाहीत, जळणाऱ्याची दृष्ट लागू नये म्हणून करतात. शिवी दिली असती तर मला कमी लागलं असतं.

पुढच्या आठवड्यात मी आर्गिरोचा पाय पाहिला. कडा फुगलेल्या, मधे पिवळं.

"भरतेय हळूहळू," ती म्हणाली.

"हे भरणं आहे? चल इस्मिनीकडे."

"मी मास्तरला विचारलं. तो म्हणाला, मलमात खोट नाही. कुणाची तरी दृष्ट आहे." आर्गिरोनं पाय झग्याखाली ओढून घेतला. "घरातल्याच कुणाची तरी."

"माझी?"

"मी नाव घेतलं का? पण एव्हान्थिया, तू कॉफीघरात काय केलंस ते सगळ्या गावानं पाहिलं. तू त्याच्यावर जळतेस. त्याचं मलम माझ्या पायावर आहे. मग ते जळणं कुठे उतरणार? थोडे दिवस येऊ नकोस. माझं ऐक."

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी तिचं ऐकलं. दृष्टबिष्ट मी मानत नाही असं मी चारचौघांत छाती ठोकून सांगत आलेय. पण जळत तर मी खरंच होते. पोटात जे होतं ते मला ठाऊक होतं, आणि त्याचा उपद्रव बहिणीच्या पायाला होत असेल तर, अशी एक बारीक भीती मनात शिरली आणि बसली. आठ दिवस मी तिच्या दारासमोरून जाताना मान खाली घातली. आठ दिवस! मी, शहाणी!

एक जुलै हा आर्गिरोचा नामदिन. फुकट औषध देणाऱ्या दोन संत-वैद्यांचा तो दिवस. तिचं नाव त्यांच्यावरून. नामदिनाला आमंत्रण लागत नाही, दार उघडं असतं, आणि सख्ख्या बहिणीनं न जाणं म्हणजे नातं तोडणं. मी भात भरलेल्या टोमॅटोंचं ताट घेऊन गेले. उंबरठ्यावरच मला वास आला, आणि तो स्वयंपाकघरातला नव्हता.

आर्गिरो नवा झगा घालून खुर्चीत बसली होती. अंगात ताप. मी खाली बसले आणि फडकं सोडलं. पायाची दोन बोटं काळी पडली होती.

मी फोन केला. इस्मिनी पाच मिनिटांत आली, तिनं नुसतं पाहिलं आणि अॅम्ब्युलन्स बोलावली. आम्ही तिघी वाट पाहत बसलो, तेव्हा माझा तोल गेला. "तूच लिहिलंस ना, जखम भरली! नामदिनाला नाचले! ऊठ, नाच! आजच आहे नामदिन!"

"तेव्हा मी डबी उघडली तरी होती का?" आर्गिरो रडत म्हणाली.

मी आणि इस्मिनीनं एकमेकींकडे पाहिलं.

"म्हणजे?" इस्मिनीनं विचारलं.

"सांगायचं नसतं. उघड केला की नवस वाया जातो."

"आर्गिरोबाई, बोटं वाया गेलीत. आता सांगा."

मग तिनं सांगितलं. आत पानायिया मातेची, म्हणजे येशूच्या आईची, तसबीर आहे. पास्खालीस सगळ्यांना बसवतो आणि विचारतो, "डोंगरावरच्या देवळात पत्र्याचा पाय कधी टांगता तुम्ही? पाय बरा झाल्यावर, की आधी?"

"आधी!" लोक म्हणतात. खरंच आहे ते. आमच्या देवळात तसबिरीखाली दोरीवर पत्र्याचे पाय, डोळे, हृदयं लटकलेली असतात, आणि त्यातली निम्मी तरी अजून बऱ्या न झालेल्या माणसांनी आधीच टांगलेली असतात. त्याला कुणी खोटं म्हणत नाही. ते मागणं असतं.

"मग?" पास्खालीस म्हणतो. "पत्रा गंजतो, लेकरांनो. तारा गंजत नाही! पत्रा दोरीवर हलतो, तारा जगभर दिसतो! काढा फोन, टांगा तारे! आणि मातेपुढे ‘होऊ दे’ म्हणून भीक मागू नका. ‘झालं’ म्हणून लिहा. संशय धरून मागाल तर अर्धंच मिळेल. सील फोडायचं ते त्यानंतर. आणि टांगलेला तारा काढलात, की दुखणं दुपटीनं परत!"

म्हणजे ते एक हजार एकशे साठ रिव्ह्यू खोटे नव्हते. मशिनचे नव्हते. खऱ्या माणसांनी खऱ्या बोटांनी लिहिले होते. फक्त त्यांतल्या एकानंही तोवर मलम लावलं नव्हतं.

जिल्ह्याच्या इस्पितळात आर्गिरोची दोन बोटं काढली. पाय वाचला. "आणखी चार दिवस गेले असते तर घोट्यापासून," सर्जन म्हणाले. मी मनातल्या मनात आठ दिवस मोजले.

दोन दिवस तिथल्या बाकावर बसून मी पास्खालीसचे सगळे रिव्ह्यू वाचले. आधी हजार वेळा पाहिले होते, वाचले पहिल्यांदा. सगळे शनिवारचे. सगळे सकाळी साडेनऊ ते दुपारी एकच्या दरम्यानचे. मंगळवारी कुणी बरं झालेलं नाही, संध्याकाळी कुणाला गुण आलेला नाही. मलम पातळ आहे की घट्ट, कुणी लिहिलेलं नाही. वास नाही, रंग नाही, किती दिवस लावलं ते नाही. झाकण कसं उघडतं हेसुद्धा नाही. कुठून लिहिणार? झाकण उघडलंच नव्हतं.

मग माझे एक्केचाळीस काढले. त्यात एक कोळ्याचा होता. त्याला मी दोन वर्षं शिव्या घालत आले होते. तो असा: ‘मी मासे धरतो. टाचांना भेगा होत्या. सकाळ-संध्याकाळ तीन आठवडे लावलं. भेगा भरल्या. वास चर्चमधल्या मेणबत्त्यांसारखा. मोजे खराब होतात. थंडीत झाकण उघडत नाही. एकदा उघड्या जखमेवर लावलं, आग झाली आणि जखम चिघळली. डॉक्टरकडे गेलो. जखमेवर लावू नका. तीन तारे.’

या माणसानं मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मी फक्त तारे मोजले आणि त्याच्या नावानं बोटं मोडली. माझ्या डबीवर आजोबांच्या वेळेपासून छापलेलं आहे, ‘सर्व जखमांवर’. आर्गिरो माझ्या दुकानात आली असती तर मी हसत हसत तिला डबी दिली असती, आणि बोटं तरीही गेली असती.

पुढच्या शनिवारी मी आणि इस्मिनी घाण्याच्या अंगणात गेलो. बस उभ्या होत्या, घंटा वाजत होती.

"आली बघा," बेकरीवाली म्हणाली आणि थू थू थू केलं.

"थुंका," मी म्हटलं. "मी जळते. वडिलांच्या वेळेपासून जळते. झालं कबूल? आता एका प्रश्नाचं उत्तर द्या. पाच तारे कुणाकुणाचे?"

अंगणात साठेक हात वर गेले.

"लिहिलंत तेव्हा डबीचं सील कुणी फोडलं होतं? त्यांनी हात वर ठेवा."

हात खाली आले. आधी दोन-चार, मग सगळेच. लोक एकमेकांकडे बघायला लागले. प्रत्येकाला वाटत होतं, आपणच तेवढं आगाऊ लिहिलं, आधीच्या हजारांना मात्र खरंच गुण आला. त्या हजारांवर विश्वास ठेवून तर त्यानं लिहिलं होतं.

"थ्रासोस," मी म्हटलं, "तुझं मी पाठ केलंय. ‘कंबरदुखी गेली. पोतं एका हातानं उचलतो.’ हे तुझं पोतं, स्कूटरवर. उचल."

थ्रासोस लाल झाला. पोत्याकडे गेला, वाकला, आणि अर्ध्यातच अडकला. इस्मिनीनं त्याला धरून सरळ केलं.

"डबी कुठेय तुमची?" तिनं विचारलं.

"टपालाच्या पेटीत," तो पुटपुटला. "राहूनच गेली उघडायची. सगळ्यांना गुण येतोय, मला कुठे पळून जातोय, म्हटलं."

कुणीतरी फस्सकन हसलं. पण मग इस्मिनीनं आर्गिरोच्या पायाचं सांगितलं, दोन बोटांचं, आणि हसू थांबलं.

पास्खालीस दारात उभा होता. चेहऱ्यावर तोच मऊपणा. "मी कुठे काय लिहिलंय?" तो म्हणाला. "मातेची शपथ, त्यातलं एक अक्षर माझं नाही. लोकांनी लिहिलं, लोकांनी वाचलं. मी फक्त दार उघडलं."

"हीच तर तुझी हातचलाखी," मी म्हटलं. "खोटं तू एकही बोलला नाहीस. ते ज्याचं त्याच्याकडून वदवून घेतलंस. आणि गुण नाही आला की दृष्ट माझी!"

मग त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. "माझं मलम खोटं, तर तुझं काय? एकच कृती, तुझ्या बापाची! सांग ना या लोकांना! तुझ्या डबीवर काय छापलंय? सांग!"

सगळे माझ्याकडे वळले. वीस वर्षांत एवढ्या गिऱ्हाइकांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. एक वाक्य बोलले असते, की माझा हात निराळा, माझं मेण निराळं, तर तीनही बस माझ्या पायरीशी लागल्या असत्या. ते वाक्य तोंडात आलंही होतं.

"एकच मलम आहे," मी म्हटलं. "कोरड्या हातांना चांगलं, भेगांना चांगलं. कंबरेला, गुडघ्याला काही करत नाही. उघड्या जखमेवर लावू नका, आणि साखर असेल तर हे पायाला मुळीच लावू नका, डॉक्टरकडे जा. माझ्या डबीवर जे छापलंय ते खोटं आहे. आज सगळ्या डब्यांवरून खरवडून काढणार आहे. ज्याला वेळ असेल त्यानं मदतीला यावं."

मदतीला एकटा थ्रासोस आला, आणि तोही बसून करायचं काम म्हणून.

पास्खालीसचा टीव्ही पुढच्या शनिवारी लागला नाही. काही लोकांनी रिव्ह्यू काढले. काहींनी भीतीनं काढले नाहीत. दुखणं दुपटीनं परत येईल म्हणून. त्यांना माझं एवढंच सांगणं: आर्गिरोनं आपला काढला, त्याला तीन महिने झाले. दहाव्या दिवशी टाके निघाले, आणि आता ती काठीशिवाय बाजारात जाते.

आणि तुम्हाला सांगणं असं, की हजार माणसं म्हणतात म्हणून एखादी गोष्ट खरी होत नाही. त्या हजारांना आधी विचारा: तुम्ही वापरलंत का? कशासाठी, किती दिवस, काय झालं, काय नाही झालं? स्वतः लिहाल तेव्हा डबी उघडून लिहा, रिकामी करून लिहिलंत तर उत्तम. वाईट असेल तेही लिहा. कुणाचं तरी बोट त्यावर अवलंबून असेल. आणि सांगणारा जळतोय म्हणून त्याचं खोटं ठरवू नका. तो काय म्हणतोय ते पडताळून बघा. मातेकडे मागायचं ते देवळात मागा, आणि बाजारात पाहिलं तेवढंच सांगा.

परवा आर्गिरोनं माझ्या मलमाला रिव्ह्यू लिहिला. घरून, बुधवारी, दुपारी चार वाजता. ‘हातांना दोन महिने लावलं. हात मऊ झाले. झाकण अजूनही लवकर उघडत नाही. पायाला लावू नका. मला आठच बोटं आहेत, मला माहीत आहे. माझी बहीण बनवते. तिला राग लवकर येतो आणि ती फार जळते. तिच्या दृष्टीनं माझं काही वाकडं झालं नाही. ती आठ दिवस आली नाही, त्यानं झालं. चार तारे.’

मी ते तीनदा वाचलं आणि तिच्या दारावर गेले.

"पाच का नाहीत?" मी विचारलं.

"झाकण," आर्गिरो म्हणाली. "ये आत. कॉफी ठेवते."